दाराच्या पोटात

जुलैतल्या एका रविवारी ताम्हिणी घाटात भाजलेली कणसं घ्यायला मी ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली केली. कणसं आली, लिंबू-मीठ चोळून झालं, पैसे देऊन झाले, पण काच वर येईना. बटण ओढलं, दाबलं, पुन्हा ओढलं. आवाजसुद्धा नाही. ताम्हिणीतला पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. पौड येईपर्यंत माझा उजवा खांदा, मांडी आणि अर्धं कणीस भिजलं होतं. पौडच्या अलीकडे वैतागून दाराला कोपर मारलं. बोट सवयीने बटणावरच होतं, आणि काच कण्हत, थांबत, पण वर आली. टोलनाक्यावर काच खाली करायचे दिवस फास्टॅगने संपवले. कणसांसाठी अजून तशी सोय निघालेली नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दार न उघडताच निदान झालं. मोटर गेली, काचेचं अख्खं मशीन बदलावं लागेल. मी गाडी परत घेऊन आले. घरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा येऊन राहिला होता, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायची मनाई. मामाचं आयुष्य तासगावात विहिरीवरच्या मोटरी भरण्यात गेलं. त्याने हकिगत ऐकून एकच प्रश्न विचारला. "कोपर मारल्यावर चालली ना गं? मग मेली नाही ती. जळालेली मोटर मार खाऊन उठत नसती. मिक्सरचा कार्बन अडकतो तसं असंल. उघड."

उघडण्याआधी फुकटातली एक तपासणी असते. अंधारात गाडीच्या छताचा दिवा लावायचा, काचेचं बटण दाबायचं आणि दिव्याकडे बघायचं. दिवा किंचित मंदावला तर मोटर वीज ओढते आहे, फक्त तिला कशाने तरी धरून ठेवलं आहे. दिवा ढिम्म राहिला तर वाटेत कुठे तरी जोड सुटला आहे, बटणात, तारेत किंवा खुद्द मोटरच्या आत. आमचा दिवा ढिम्म. तारांचा संशय सगळ्यात आधी घ्यावा, कारण बिजागरीपाशी एक रबरी नळी असते, दाराच्या सगळ्या तारा तिच्यातून जातात आणि दाराच्या प्रत्येक उघडझापीला वाकतात. दिवसाला दहादा म्हटलं तरी दहा वर्षांत छत्तीस हजार वेळा. 'मेलेल्या' ठरवलेल्या कित्येक मोटरींचा खुनी त्या नळीत लपलेला असतो. आमच्या नळीत नव्हता. दार उघडल्यावर मोटरच्या सॉकेटला मल्टिमीटर लावला तेव्हा बारा व्होल्ट नीट येत होते. बटण उलट्या बाजूला केलं की उणे बारा. दोनच तारा, आणि त्यांची अदलाबदल झाली की वरचं खाली होतं. काचेची सगळी भाषा एवढीच.

दाराचं पॅड निघतं तो भाग मी थोडक्यात उरकते. हँडलच्या वाटीत एक स्क्रू, हात टेकायच्या जागेत एक-दोन, आणि कडेने प्लास्टिकच्या क्लिपा, त्या टक्-टक् करत सुटतात आणि त्यातल्या दोन हमखास मोडतात. एअरबॅगच्या गाडीत पिवळ्या वेष्टनाच्या तारांना हात लावायचा नाही, आणि सॉकेटं काढण्या-घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून थोडा वेळ थांबायचं.

पॅडच्या मागे दुधी रंगाचं प्लास्टिक काळ्या चिकट दोरीने चिकटवलेलं होतं. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक लोक वर्षानुवर्षं काढत नाहीत, तसं हे कारखान्यात काढायचं राहिलं असणार, असं समजून मी ते फाडायला निघाले होते. मामा मागून ओरडला. हे प्लास्टिक काय करतं ते कळलं तेव्हा मी पहिल्यांदा थबकले. काचेच्या बाहेरच्या अंगाला जे रबर असतं, ज्याला मेकॅनिक बीडिंग म्हणतात, ते पाणी अडवतं अशी माझी समजूत होती. ते पाणी फक्त पुसतं. बाकीचं पाणी काचेच्या पाठीवरून ओघळत सरळ दाराच्या आत जातं, तळाशी पोचतं आणि तिथल्या भोकांतून रस्त्यावर गळतं. म्हणजे मुसळधार पावसात गाडीच्या दाराच्या आतही पाऊस पडत असतो. दार बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते पावसाशी भांडत बसत नाहीत, त्याला वाट करून देतात. आपला गालिचा कोरडा राहतो तो त्या दुधी प्लास्टिकमुळे. आमच्या दाराची भोकं चिखलाने बुजली होती. खराट्याची काडी घालून फिरवली तसं वाटीभर तांबूस पाणी बाहेर आलं, पावसाळी ओढ्यासारखं.

काच अर्ध्यावर आणून रुंद चिकटपट्टीने वरच्या चौकटीला टांगून ठेवली. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत कडक केलेल्या, टफन्ड असतात. काच सहाशे अंशांच्या पुढे तापवतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे फवारे मारतात. वरची कातडी आधी थिजते, पोट मागाहून थिजताना आकसतं आणि कातडीला आत ओढून धरतं. त्या ओढीमुळे काच सपाट बाजूने मोठा तडाखा सोसते. पण काठावर पान्याचं टोक लागलं तर ती सगळी ओढ एकदम सुटते आणि हातात खडीसाखरेचे खडे उरतात. म्हणून काठाशी काम करताना मी श्वाससुद्धा बेताने घेत होते.

आता मशीन. जुन्या गाड्यांत कात्रीसारखे दोन लोखंडी हात असतात. त्यांच्यापाशी कधी कधी एक जाड सर्पिल स्प्रिंग ताणलेली असते आणि तिला रोखून धरणारी असते ती फक्त मोटर. हात बांधून न ठेवता मोटर काढली तर कात्री अशी मिटते की बोट तुटू शकतं. माझ्या गाडीत कात्री नव्हती, पोलादी दोरी होती. मधे एक प्लास्टिकचा रहाट, वर-खाली कप्प्या, आणि दोरीला अडकवलेली एक घसरती पकड, काच तिच्यात उभी. आडावरचा रहाट पाण्याची घागर ओढतो, हा काचेची. काही जागी दोरी आवरणातून वळणं घेत जाते, सायकलच्या ब्रेकच्या केबलसारखी. त्या केबलचं पेटंट अर्नेस्ट बोडेन यांनी ब्रिटनमध्ये १८९६ मध्ये घेतलं. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० मध्ये आपल्या महागड्या मोटारीत बटणावरच्या काचा दिल्या, तेव्हा मात्र त्यांत दोरी किंवा दातांची चाकं नव्हती. वीज पंप चालवायची, पंप तेल ढकलायचा आणि तेल काच ढकलायचं.

तीन स्क्रू काढले आणि मोटर हातात आली. पेरूएवढी, हाताला जड. मी ती मामाच्या हातावर ठेवली. त्याने कानाशी नेऊन हलवली, नारळातलं पाणी बघतात तशी.

"केवढुशी आहे," मी म्हटलं.

"काचेचं वजन किती?"

मी काच मोजली होती. सव्वातीन मिलिमीटर जाड, क्षेत्रफळ चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त, आणि काचेचा घनमीटर अडीच हजार किलोचा. म्हणजे तीन किलोच्या आतबाहेर. ही तीन किलो काच पंचेचाळीस सेंटिमीटर वर न्यायची, चार सेकंदांत. गणित केलं तर उत्तर येतं सव्वातीन वॅट. सहा लिटरची भरलेली कळशी वीतभर उचलायला जेवढे श्रम पडतात तेवढेच. मोबाइलचा साधा चार्जर याहून जास्त देतो.

पण काच चढताना मोटर साधारण सहा अँपिअर ओढते, बारा व्होल्टवर. म्हणजे बहात्तर वॅट. सव्वातीन वॅटचं काम आणि बहात्तर वॅटची मजुरी. उरलेले जातात कुठे?

याचं उत्तर मला दोन ठिकाणी सापडलं. पहिलं ठिकाण मोटरच्या नाकाशी, एका पांढऱ्या प्लास्टिकच्या चाकात. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखा एकच आटा कोरलेला असतो आणि तो या चाकाच्या दातांत आडवा बसतो. दांडा एक फेरा फिरला की चाक एक दात सरकतं. मी दात मोजले, ७३. म्हणजे मोटरचे त्र्याहत्तर फेरे होतात तेव्हा चाकाचा एक. काच पूर्ण चढायला रहाटाचे तीनेक फेरे लागतात. म्हणजे काच एकदा वर जाते तेव्हा ही मोटर सुमारे २२० वेळा गरगरते. मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेऱ्यांचा वेग. त्या वेगाचा सौदा करून ती बळ विकत घेते.

पण या स्क्रूचं खरं काम काच चढवण्याचं नाहीच. बटण सोडल्यावर काच जिथल्या तिथे राहते, गाडी खड्ड्यांतून आदळत जाते तरी खाली सरकत नाही, चोराने दोन्ही तळवे लावून दाबली तरी सहसा दबत नाही. तिला कोण धरून असतं? वीज तर बंद आहे. तिला धरतो तो हाच आटा. त्याचा चढ फार मंद आहे. मंद उतारावर ठेवलेलं धान्याचं पोतं आपोआप घसरत नाही, घर्षण त्याला धरून ठेवतं, तसंच इथे. दांडा चाकाला फिरवतो, चाक दांड्याला फिरवू शकत नाही. रस्ता एकेरी.

या एकेरीपणाची किंमत मोजावी लागते, आणि ती कुठलाही कारखाना चुकवू शकत नाही. काचेचं वजन स्क्रूला उलटं फिरवू शकत नाही याचा अर्थ घर्षण निदान त्या वजनाच्या बरोबरीचं आहे. मग वर चढताना मोटरला दोघांशी झगडावं लागतं, वजनाशी आणि तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या घर्षणाशी. म्हणजे जो स्क्रू स्वतःहून अडकून राहतो, त्याच्यातून गेलेल्या श्रमांपैकी अर्ध्याहून जास्त उष्णतेत उडतात. हा दोष काढून टाकायला जाल तर काच खाली पडेल. मला हे कळलं तेव्हा मी हातातलं ते पांढरं चाक बराच वेळ नुसती बघत बसले. इतकी वर्षं मी समजत होते की मोटर काच हलवण्यासाठी असते. तिचा निम्म्याहून जास्त घाम काच न हलण्यासाठी खर्च होतो.

(हाताने काच फिरवायच्या हँडलांतही हाच प्रश्न होता, आणि तिथे त्याचं उत्तर फार देखणं होतं. एका गोल वाटीत घट्ट बसवलेली स्प्रिंग. हँडल फिरवलं की स्प्रिंग आवळते आणि वाटीतून सुटते. काच आपल्या वजनाने फिरवू बघते तेव्हा तीच स्प्रिंग फुगते आणि वाटीला घट्ट चिकटते. मारुती आठशेच्या मागच्या सीटवर बसून आम्ही भावंडांनी ते हँडल हजारो वेळा फिरवलं असेल. आत असा द्वारपाल बसलाय याची कुणाला कल्पना होती?)

आटा आणि दातांची ही कल्पना आपल्या मातीत जुनी आहे. कापसातून सरकी वेगळी करायच्या लाकडी चरकीत दोन लाट्या असतात आणि त्यांच्या टोकांना लाकडातच आटे कोरलेले. एक लाटी फिरवली की दुसरी आपोआप उलटी फिरते. भारतात ही चरकी तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराला आली असं इतिहासकार मानतात. तिथे आट्याची गाठ आट्याशीच पडते, त्यामुळे अडकून राहणं नाही. पण वाकसाने लाकडात एकसारखा आटा उतरवणाऱ्या त्या सुताराला हे पांढरं चाक दाखवलं असतं, तर ओळख पटायला त्याला वेळ लागला नसता.

उरलेल्या वॅटांचा दुसरा पत्ता काचेच्या चौकटीत होता. काच ज्या रबरी खाचेतून सरकते, तिच्या आत बोट फिरवून बघा. नव्या गाडीत तिथे मखमल लागते. रबरावर बारीक तंतूंची लव उभी चिकटवलेली असते आणि काच रबरावर घसरतच नाही, त्या लवेवर तरंगत जाते. माझ्या खाचेतली लव पुण्याच्या धुळीने केव्हाच खाल्ली होती. उघडं, उन्हाने वाळलेलं रबर काचेला दोन्ही बाजूंनी धरून बसलं होतं. गेलं वर्षभर काच आळसावत वर जायची, मी म्हणायचे मोटर म्हातारी झाली. मोटर बिचारी ब्रेक लावलेली गाडी ओढत होती.

आता मोटरच्या पोटात जायचं होतं. काही मोटरींचा डबा दाबून कायमचा मिटवलेला असतो, त्यांच्या नादी लागू नये. आमच्या डब्याला दोन स्क्रू होते. ते काढले तरी डबा सुटेना. आतून कुणी तरी धरल्यासारखा. धरलं होतं चुंबकांनी. डब्याच्या भिंतीला राखाडी रंगाचे दोन वाकडे तुकडे चिकटवलेले, कौलाच्या खापरीसारखे. ही खापरीच आहे खरं तर. लोखंडाचा ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम यांचं मिश्रण भट्टीत भाजून हे चुंबक करतात. नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. लोखंडाचा ऑक्साइड म्हणजे गंजाच्या भावकीतला. दाराच्या तळाशी ज्याने पत्रा खाल्ला, त्याचा चुलतभाऊ वर बसून काच ओढत होता.

मधला दांडा बाहेर आला, त्याच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. मामाने उरलेल्या डोळ्याने ते निरखले, वास घेतला. जळलेल्या व्हार्निशचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही म्हणे. "वाइंडिंग चांगलं आहे." मग दांड्याच्या टोकाशी बोट नेलं. तिथे तांब्याच्या दहा पट्ट्या गोल रचलेल्या होत्या, मधे बारीक फटी. तांब्याचा तांबूसपणा कुठेच दिसत नव्हता, सगळं काजळीने काळं.

या दहा पट्ट्या मोटरचा मेंदू म्हणाव्यात का हात, मला ठरवता येत नाही. चुंबकाजवळच्या तारेतून वीज गेली की तार ढकलली जाते. पण अर्धा फेरा फिरल्यावर तीच तार समोरच्या चुंबकापाशी पोचते आणि आता ढकल उलटी लागते. मोटर पुढे-मागे डोलत बसेल, फिरणार नाही. मायकल फॅरेडे या लोहाराच्या मुलाने, ज्याने पुस्तकबांधणी करता करता विज्ञान शिकून घेतलं, १८२१ मध्ये विजेवर तार पहिल्यांदा गोल फिरवली ती पाऱ्याच्या वाटीत. तार पाऱ्यात बुडून फिरत राहायची, जोड तुटायचा प्रश्नच नव्हता. दारात पारा ठेवता येत नाही. म्हणून या पट्ट्या. तार समोरच्या बाजूला गेली की तिच्या पट्टीखालचा जोड बदलतो आणि विजेची दिशा नेमकी त्या क्षणी उलटते. प्रत्येक वेढ्यात प्रत्येक फेऱ्याला दोनदा. काचेच्या एका चढाईत २२० फेरे, दहा वेढे: चार हजारांहून जास्त अदलाबदली, चार सेकंदांत, आणि आपल्याला ऐकू येतं ते फक्त एक 'ऊंऽऽ'.

पट्ट्यांना वीज देतात ते दोन कार्बन. पितळी खोबणीत बसलेले, मागून स्प्रिंगने पुढे दाबलेले ग्राफाइटचे ठोकळे. घासणाऱ्या जागी असा ठिसूळ काळा पदार्थ घालावा हे १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्ज या स्कॉटिश प्राध्यापकाला सुचलं आणि त्याने त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी तांब्याच्या तारांचे कुंचले वापरायचे, म्हणून इंग्रजी मुलखात त्याला अजून ब्रश म्हणतात. आपल्याकडे कार्बनच. मिक्सर दुरुस्त करणारा 'कार्बन गेला' म्हणतो तो हाच.

आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट भेटली. ग्राफाइट गुळगुळीत असतं ते त्याच्या पापुद्र्यांमुळे, असं आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंचावर उडू लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांतले कार्बन झपाट्याने झिजून त्यांचा भुगा व्हायला लागला. जमिनीवर महिनोन्महिने टिकणारे कार्बन वर काही तासांत संपायचे. शोध घेतला तर कारण निघालं कोरडी हवा. ग्राफाइटच्या पापुद्र्यांना एकमेकांवरून घसरायला हवेतली वाफ लागते. पाण्याचे रेणू नसतील तर ग्राफाइट वाळूसारखं घासतं. शेवटी कार्बनमध्ये काही क्षार मिसळून वाट काढली. म्हणजे माझ्या मोटरीला तगायला ओलावा हवाच होता. ताम्हिणीत तर तो काही कमी नव्हता.

आमचा एक कार्बन खोबणीत मोकळा खालीवर होत होता. दुसरा घट्ट बसलेला. मी टोकाने ढकलला तर आत गेला आणि तिथेच राहिला, स्प्रिंगला जुमानेना. कार्बनची पूड आणि वितळून आलेलं जुनं ग्रीस यांचा काळा लगदा खोबणीत दगडासारखा वाळला होता. मामाचं निदान शब्दशः बरोबर निघालं. पट्टी आणि कार्बन यांच्यात केसाएवढी फट, त्या फटीत माझा भिजलेला खांदा. कोपराच्या धक्क्याने कार्बन एक उडी मारून पट्टीला भिडला होता, एवढाच तो चमत्कार.

पण ग्रीस वितळलं का? रबरामुळे. मोटर फिरते तेव्हा ती गुपचूप जनित्रही असते. चुंबकाजवळून फिरणाऱ्या तारेत उलटी वीज निर्माण होते आणि बॅटरीला अडवते. मोटर आणि जनित्र एकच यंत्र आहे हे जगाला ठसलं ते १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात. झेनोब ग्रामच्या एका जनित्राच्या तारा, सांगतात की चुकून, दुसऱ्या चालू जनित्राला जोडल्या गेल्या आणि ते आपोआप फिरायला लागलं. तर हा उलटा विरोध मोटर जोरात फिरते तोवर असतो. रबराने मोटरला मंद केलं की विरोध घटतो आणि वीज धो-धो आत येते. पूर्ण अडली तर वीस-पंचवीस अँपिअरसुद्धा. पेरूएवढ्या डब्यात इस्त्रीच्या निम्म्याने जरी उष्णता कोंडली, तरी ग्रीसचं काय होणार?

मोटर तिथेच जळून जायला हवी होती. ती वाचली एका टिकलीएवढ्या तुकड्यामुळे, कार्बनच्या शेजारी विजेच्या वाटेत बसवलेल्या. अशा तुकड्यांच्या एका जातीत प्लास्टिकमध्ये कार्बनचे कण मिसळलेले असतात. थंड असताना कण एकमेकांना टेकून रांग धरतात आणि वीज जाते. तापलं की प्लास्टिक फुगतं, कण दुरावतात, रांग तुटते, वीज जवळपास बंद. निवलं की पुन्हा रांग. उन्हाळ्यात कधी तुमची काच दोन-तीनदा खालीवर करून अचानक रुसली असेल आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालली असेल, तर मोटर बिघडलेली नव्हती. कुणी तरी तिला बसवून पाणी पाजलं होतं.

पुढचं काम चहाच्या दोन कपांत झालं. खोबण स्पिरिटच्या बोळ्याने साफ केली, कार्बन सुळसुळीत खालीवर होईस्तोवर. पट्ट्या हजार नंबरच्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने पुसल्या, मधल्या फटी सुईने कोरल्या, कारण फटीतली पूड पट्ट्यांना आपापसांत जोडून टाकते. तांबं उजळलं तेव्हा मामा खूश झाला. दांडा परत घालताना मात्र अर्धा तास गेला. कार्बन स्प्रिंगने मधे येतात आणि चुंबक दांड्याला हिसकून घेतात. तीनदा कार्बन वेडेवाकडे बसले. शेवटी मामाने फुलांच्या हाराचा दोरा मागितला, दोन्ही कार्बनांना मागे खेचून दोऱ्याने बांधलं, दांडा बसल्यावर दोरा ओढून काढला. चाकाला ताजं पांढरं ग्रीस, प्लास्टिकला चालणारं. रबराच्या खाचेत सिलिकॉनचा फवारा. साधं तेल रबराला फुगवतं.

मोटर बॅटरीवर लावून बघितली तेव्हा मामाने मला एक गंमत करून दाखवली. चालत्या मोटरीच्या तारा काढून मोकळ्या सोडल्या तर ती घर्रर्र करत थांबली. काढल्या काढल्या एकमेकींना टेकवल्या तर टक्कन. मोटर जनित्र बनते, आपलीच वीज आपल्यातच फिरवते आणि आपल्यालाच रोखते. मग लक्षात आलं, दारातलं बटण सोडल्यावर दोन्ही तारा आतून नेमक्या एकमेकींना जोडल्या जातात. बोट उचललं की काच त्याच केसावर थांबते ती यामुळे. शेजाऱ्यांच्या नव्या गाडीत तर मोटरच्या दांड्यावर इवलंसं चुंबक आणि त्याचे फेरे मोजणारा सेन्सर आहे, एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारा. एका टिचकीत आपोआप मिटणारी काच मुलाच्या हाताला लागली आणि फेरे किंचित मंदावले, तर ती मागे फिरते. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियमांत त्या दाबाची मर्यादा शंभर न्यूटन आहे, दहा किलोच्या पोत्याचा भार. माझ्या गाडीत ही सोय नाही, म्हणून भाचरं बसली की मी कुलपाचं बटण दाबून टाकते.

सगळं परत जोडलं, दुधी प्लास्टिकसकट, मोडलेल्या दोन क्लिपा वगळून. मामाने घड्याळ लावलं. वर्षभर नऊ-दहा सेकंद घेणारी काच साडेतीन सेकंदांत चढली. इंजिन चालू केल्यावर आणखी थोडी चपळ, कारण तेव्हा बॅटरीचे बारा नव्हेत तर चौदा व्होल्ट मिळतात. मी आनंदाने तिला सहा-सात वेळा खालीवर केलं. मामाने उगाच शेजारची काच लावून बघितली. सहा सेकंद. मागची डावी, सात. मागची उजवी मधेच कण्हली.

"अगं, तो दोरा टाकून दिलास का?" मामा म्हणाला.